चौथं थान

१९ जानेवारी, सोमवार

स. ४.५, सं. ३.८. एकूण ८.३ लिटर.

डेअरीत माझा फोटो लागलाय. दूध मोजायच्या काट्याच्या बरोबर वर. दारातून शिरलं की पहिलं तेच दिसतं. मी आणि चंद्री. चंद्रीचे डोळे उघडे, माझे मिटलेले. शेजारी हिरव्या झाकणाचा पावडरचा डबा, जो फोटो काढताना गोठ्यात नव्हताच. खाली ठळक अक्षरांत: "शतावरी, जिवंती, मेथीची कमाल! आमच्या गाईचं दूध रोज ३ लिटरनं वाढलं."

तीन मी कधी म्हणालो? वहीत २.१ आहे. पावडर सुरू करायच्या आधी महिनाभराची सरासरी ६.२, नंतरची ८.३. गजूभाऊंनी वहीच्या पानांचे फोटो माझ्यासमोर काढून कंपनीच्या साहेबांना पाठवले होते. आमच्या गावचं दूध गजूभाऊच गोळा करतात, आता डबेही तेच विकतात. मी विचारलं, पोस्टरवर तीन कसे?

"अरे सिधू, पोस्टरवर पॉइंट लिहीत न्हाईत."

"काहून?"

"वाचणाऱ्याला तकलीफ होते."

मागे चार माणसं कॅन घेऊन उभी होती. सगळी हसली. मी हसलो नाही.

२० जानेवारी, मंगळवार

स. ४.४, सं. ३.९.

कॅन ओतताना कुणीतरी म्हणालंच, "काय वहीवाले, तीन लिटर वाढलं तर दोन्ही वेळचं मिळून नऊवर काहून गेलं न्हाई?" यात त्या माणसाची चूक नाही. आकडा खोटा लावला की असंच होणार.

संध्याकाळी गजूभाऊंना स्पष्ट सांगितलं, पोस्टर काढा नाहीतर आकडा दुरुस्त करा. आवाज चढला माझा. ते म्हणाले, तीन काय, दोन काय, वाढलं तर हायच ना. मी म्हणालो, मग तुमच्या काट्यावर माझे आठ लिटर सात लिहिले तर चालेल?

मी अकरावी सोडली आहे, पण दशांश चिन्ह मला कळतं.

२२ जानेवारी, गुरुवार

स. ४.५, सं. ३.८.

जिंकलो. गजूभाऊंनी पांढरा कागद चिकटवला त्या "३"वर आणि जाड पेन माझ्या हातात दिला. "घे बाबा, तूच लिही. पुन्हा माझ्या डोक्याला ताप नको."

सावकाश लिहिलं. २.१ लिटर. खाली सही, तारीख. डेअरीत तेव्हा दहा-बारा जण होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, की हा आकडा माझ्या वहीतला आहे, रोज दोन वेळा मोजलेला, ज्याला शंका असेल त्यानं घरी येऊन वही पाहावी.

यमुनामावशी दारातच उभी होती. म्हणाली, "आता कसं, मास्तर!" ती मला मास्तरच म्हणते.

घरी येऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. "बरं केलं," म्हणाली, आणि तव्याकडं वळली.

२५ जानेवारी, रविवार

स. ४.६, सं. ३.७.

यमुनामावशीनं डबा घेतला. मावशी म्हणजे आईची मैत्रीण, सख्खी नव्हे, पण सख्ख्यापेक्षा जास्त. दोन्ही मुलं पुण्याला कंपनीत, घरी ती आणि तिची कपिली गाय. डबा कडेवर धरून आमच्या दारात आली.

"कंपनीनं लिहिलं असतं तर घेतला नसता. तू लिहिलं म्हणून घेतला."

हे ऐकून बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू. तिला चमचा मोजून दाखवला, किती द्यायची, गाईच्या भिजवलेल्या आंबोणात कशी कालवायची. मग ती म्हणाली, गजू सांगून राहिला की हा डबा असला की सरकी पेंड निम्मी केली तरी चालतं.

डब्यासोबतच्या कागदावर पेंडीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की पेंड कमी करू नको, आम्ही केलेली नाही. म्हणालो, "बघा चार दिवस." असं अर्धवट बोलायची मला सवय आहे.

१ फेब्रुवारी, रविवार. पौर्णिमा.

स. ४.४, सं. ३.८.

सकाळी विहारात वंदना. खीर आमच्याकडूनच, दूध मोजून झाल्यावर काढून ठेवलेलं. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला आईनं पहिल्यांदा केली, तेव्हापासून दर पौर्णिमेला पातेलं आमचंच.

वंदनेनंतर तिघांनी पावडरबद्दल विचारलं. एकाला म्हणालो की सकाळच्या आंबोणात दिली तर चांगलं. हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. आम्ही सकाळी देतो म्हणून. लोक आपल्याला विचारायला लागले की आपण सांगायला लागतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

स. ४.५, सं. ३.८.

मावशीची कॅन आज काट्यावर ठेवली तेव्हा मी मागेच होतो. दहा दिवसांपूर्वी सकाळी साडेचार भरायची. आज ३.६.

गजूभाऊ म्हणाले, "सुरवातीला जरा कमी होतं, मग उसळी मारतं."

हे कुठं लिहिलंय? आमचं पहिल्या दिवसापासून वाढलं होतं, एक दिवसही कमी झालं नाही. मावशी मात्र त्यांच्याशी भांडली नाही. मला म्हणाली, "माझेच हात थकले असतील रे. पान्हा नीट सोडवत न्हाई मला आताशा."

तिच्या हातांना काय झालंय? चाळीस वर्षं दूध काढते. डबा चुकला असं तिच्या मनातही येत नाही, कारण पोस्टरवर माझी सही आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

स. ४.४, सं. ३.८.

आज जे कळलं ते क्रमानं लिहितो.

सकाळी मावशीच्या गोठ्यात गेलो. ठरवलं होतं की ती पावडर किती देते, कधी देते, पाणी किती, सगळं बघायचं. पावडर बरोबर देते. पेंड निम्मीच आहे. मग ती दूध काढायला बसली आणि मी चरवीकडं बघत उभा राहिलो. खरं सांगायचं तर दूध काढताना मी कधी एवढ्या जवळून पाहिलेलंच नाही. चंद्री मला खाली बसू देत नाही. दोन वर्षांपूर्वी नडगीवर लाथ बसली, खूण अजून आहे. दूध आई काढते. मी कॅन नेतो आणि लिहितो.

मावशीनं तीन थानं काढली, हात पुसले आणि वासरू सोडलं.

"मावशी, एक राहिलं."

"ते लेकराचं." मग माझ्याकडं बघून हसली. "मास्तर, एवढं बी माहीत न्हाई? चौथं थान लेकराचं असतं. तुझी आई बी सोडती की."

माहीत होतं. लहानपणापासून ऐकलंय. पण आमच्या वासराला चौथं थान पिताना मी शेवटचं कधी पाहिलं? ते तर महिना-दोन महिने दुसऱ्या खुंट्याला असतं, कडबा खात.

घरी आलो. आई शेण काढत होती.

"आई, चंद्रीचं चौथं थान वासराला सोडतेस ना?"

"सोडत होते. आता न्हाई."

"कधीपासून?"

"आता ते कोण मांडून ठेवतंय. ढुशा मारमारून कास सुजवून राहिलं होतं ते. चार महिन्यांचं झालं होतं, कडबा खायला लागलं होतं. मग पौर्णिमेची खीर करायची होती ना, त्या दिवशी चौथं थान बी काढलं, दूध जास्त लागत होतं म्हणून. तेव्हापासून काढतेच."

"कोणती पौर्णिमा?"

"मार्गशीर्षातली."

४ डिसेंबर. पावडर ५ डिसेंबरच्या सकाळी सुरू केली. वहीत लाल पेनानं लिहिलेलं आहे.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? आई उभी राहिली, हातात शेणाचं घमेलं. "तू विचारलं कुठं? दूध किती ते विचारतो रोज. कुठून आलं हे कधी विचारलं?"

८ फेब्रुवारी, रविवार

स. ४.५, सं. ३.८.

वही पुन्हा पुन्हा पाहिली. ६.२ ला तीननं भागलं. २.०६ आणि काहीतरी. म्हणजे एका थानाचं दोन लिटरच्या थोडं वर. आणि माझी वाढ २.१. दोनदा भागून पाहिलं, मग मोबाइलवर.

४ डिसेंबर: ६.३. (चौथ्या थानाचं दूध त्या दिवशी खिरीच्या पातेल्यात गेलं, कॅनमध्ये आलंच नाही.) ५ डिसेंबर: ८.२. आणि तिथं मी लिहून ठेवलंय, "पहिल्याच दिवशी गुण!!" खाली दोन रेघा.

झाडपाल्याचं चूर्ण सकाळी दिलं आणि त्याच दिवशी दोन लिटर वाढलं! दुसऱ्या कुणाच्या वहीत हे वाचलं असतं तर मी हसलो असतो.

राग स्वतःचा आहेच. पण बाकीच्यांचा त्याहून जास्त आहे. कंपनीला एवढा हुशार साहेब ठेवायला जमतं, गोठ्यात नसलेला डबा फोटोत घालायला जमतं, आणि एक साधा प्रश्न विचारायला जमत नाही, की बाबा रे, याशिवाय त्या दिवशी गोठ्यात आणखी काय बदललं? मी चुकलो ते कमी शिकल्यामुळं म्हणू. ते कशामुळं चुकले?

आणि वर मी भांडून भांडून त्यांचा आकडा दुरुस्त करून दिला. तीन लिटरवर निदान कुणी विश्वास ठेवला नसता.

९ फेब्रुवारी, सोमवार

स. ४.४, सं. ३.८.

गजूभाऊंना एकटं गाठून सगळं सांगितलं. तारखा दाखवल्या. ते शांतपणे ऐकत होते, मला वाटलं पटलं.

"मग आता?"

"पोस्टर काढा."

"पोस्टर माझ्या भिंतीवर हाय."

"फोटो माझा आहे."

"अन् अक्षर बी तुझंच हाय. म्या म्हणलं होतं का सही कर म्हणून? तूच गावासमोर बोलला. आता थान-बिन सांगून माझा बाजार काहून उठवून राहिला?"

मी म्हणालो, लोक पेंड कमी करून राहिले तुमच्या सांगण्यावरून. "म्या कुणाच्या आंबोणात हात घातला न्हाई," म्हणाले, आणि काटा पुसायला लागले. स्वच्छच होता काटा.

तिथल्या तिथं तो कागद फाडावा असं वाटलं. हात उचललाही होता. मागून गिऱ्हाईक आलं आणि मी हात खाली घेतला. हे लिहिताना पण लाज वाटते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

स. ४.५, सं. ३.७.

आजपासून चंद्रीची पावडर बंद. थानं चार. पेंड तेवढीच, कडबा तेवढाच, पाणी तेवढंच. वहीत नवा रकाना आखला: "थानं किती". तो पहिल्या दिवसापासून हवा होता.

बाबा हळद शिजवायच्या कामावरून आले, अंगाला वाफेचा वास. मी रकाने आखताना बघून म्हणाले, "चंद्रीला बी एक वही घेऊन दे. ती तुझं लिहील."

आई हसली. मी पण, थोडंसं.

११ फेब्रुवारी, बुधवार

स. ४.५, सं. ३.८. थानं ४.

मावशीला सांगितलं. आज तिची सकाळची कॅन ३.३. फार वाईट झालं बोलणं.

मी सुरुवातच चुकीची केली. म्हणालो, "मावशी, तो डबा बंद करा, पेंड पूर्ण द्या." तिनं विचारलं काहून. मग मी तारखा, भागाकार, पौर्णिमा असं सगळं सांगायला लागलो. ती खाटेवर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली,

"म्हणजे तुमचं दूध वाढलं ते चौथ्या थानानं. माझ्या लेकराला अजून तीन महिने झाले न्हाईत. मला बी आता त्याचं थान काढायला सांगतो का?"

"न्हाई मावशी, तसं न्हाई."

"मग काय? परवा गावासमोर छाती ठोकून सांगितलं, आज न्हाई म्हणतो. तुमची कॅन भरून राहिली ना? मग माझी भरंल तर पोटात काहून दुखतं?"

ती असं कधीच बोलत नाही. मी उठलो. दारातून वळून सांगितलं, पेंड तेवढी पूर्ण द्या. ती म्हणाली, "जा मास्तर. लिहून ठेव, मावशीनं हाकललं."

लिहून ठेवलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

स. ४.४, सं. ३.९. थानं ४. पावडर बंद, पाचवा दिवस.

गजूभाऊ घरी आले, हातात छापील पत्रिका. २२ तारखेला डोंगरकड्याला मंगल कार्यालयात पशुपालक मेळावा, "यशस्वी दूध उत्पादकांचा सत्कार". तीन नावांत माझं. शाल, श्रीफळ.

मी म्हणालो, मी सगळ्यांसमोर थानाचं सांगेन. गजूभाऊ आईकडं बघून म्हणाले, "वहिनी, पोराला समजवा. नशिबानं शाल आली, तर ह्याला खुपून राहिली."

आई म्हणाली, "शाल खुपतच असती भाऊ, लोकरीची असली की."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

स. ४.४, सं. ३.८. थानं ४. आठवा दिवस.

कमी झालेलं नाही. पावडर थांबवल्यापासूनची सरासरी ८.२५. व्याल्यावर सात महिने होत आले, तरी टिकून आहे.

न्याय दोन्ही बाजूंनी असावा म्हणून हेही लिहितो: पावडर चालू असताना चंद्री आंबोण चवीनं खायची, शेणही चांगलं बांधून पडायचं. शतावरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमची आजीही ओली बाळंतीण असो की गाय, शतावरी द्यायचीच. पावडर काही करते का, हे मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ते २.१ लिटर तिचे नाहीत.

आज डब्यासोबतचा कागद पुन्हा वाचला. आधी चार वेळा वाचलाय, पण एका ओळीवर कधी थांबलो नव्हतो. "उत्तम परिणामासाठी गाय व्याल्यानंतर चार महिने पूर्ण झाल्यावर सुरू करावे."

चार महिने काहून? दूध तर आधीच्या महिन्यांत जास्त असतं. औषधी खाऊ घालायची तर तेव्हा घाला की.

आमच्या भागात वासराचं थान कधी बंद करतात? चार महिने झाले की.

पेन खाली ठेवला. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाच." वाचलं.

आता हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

स. ४.५, सं. ३.८. थानं ४. दहावा दिवस.

साहेबांचा नंबर पत्रिकेवर होता. दुपारी फोन केला. आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं.

"अरे वा, आमचे हिरो! बोला भाऊ."

सांगितलं. बंद करून दहा दिवस झाले, दूध तेवढंच आहे.

"बरोबरच आहे. बंद केलं तरी असर शरीरात राहतो."

"किती दिवस?"

"ते जनावरावर आहे."

"म्हणजे चालू असताना वाढलं तर तुमच्यामुळं, बंद केल्यावर टिकलं तरी तुमच्यामुळं. मग कमी झालं तर कुणामुळं?"

हसले. "देखो भाऊ, आप तो डॉक्टर हो गए."

मग कागदावरचा शेवटचा प्रश्न विचारला. चार महिन्यांनंतर सुरू करा, हे कुठून आलं?

थोडं थांबले. मला वाटतं थांबले. फोनचा आवाजही मध्येच जात होता, त्यामुळं खात्रीनं लिहिता येत नाही. मग म्हणाले, "रिसर्च है ना. रविवारी भेटू," आणि ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

स. ४.४. संध्याकाळचं आल्यावर आईनं काढलं, बाबांनी मोजलं, ३.८ म्हणाले. थानं ४.

मेळावा झाला.

आई सोबत आली. मी नको म्हणालो तर म्हणाली, "मोजलं तू. काढलं म्या. एकटा जाऊन अर्धंच सांगशील." जांभळी साडी नेसली, ती लग्नकार्यालाच काढते.

कार्यालय भरलेलं. मागच्या बाजूला हिरव्या झाकणांच्या डब्यांची चळत, माझ्या उंचीची. आम्हा तिघांना स्टेजवर खुर्च्या. माझ्या शेजारी पुसेगावकडचे एक काका, नवा फेटा बांधून. शाल घातली, नारळ दिला. काकांचं "पावणेदोन लिटर" असं साहेबांनी माइकवरून सांगितलं. टाळ्या.

माझी पाळी आली. वही उघडली. नमस्कार, जयभीम, आणि म्हणालो, "माझ्या पोस्टरवरचा आकडा बरोबर आहे पण कारण चूक आहे." पुढचं वाक्य सुरू करेपर्यंत साहेबांचा हात माइकवर. "वेळेअभावी आपण पुढे..." एवढ्या हसऱ्या चेहऱ्यानं कुणी कुणाच्या हातातून काही हिसकावून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडं ठेवून उभा.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आईचा आवाज. माइक नसताना. आई वावरात हाक मारते तो आवाज.

"ओ साहेब, थांबा. पोरानं बराबर मोजलं. पण डबा आणला त्याच वक्ताला म्या चौथं थान काढायला लागले. हे त्याला ठाऊक नव्हतं. तुमाला सांगते." मग साहेबांकडं पाठ केली आणि बायकांना विचारलं, "तुमच्यात लेकराला थान सोडतेत का न्हाई, बायांनो?"

मग एक म्हातारी म्हणाली, "सोडतो की. चार महिने." दुसरी म्हणाली, आमच्यात पाच. मग सगळ्याच बोलायला लागल्या.

पुसेगावचे काका खुर्चीत पुढं झुकले आणि स्टेजवरूनच बायकोला विचारलं, "अगं, आपण कवा बंद केलं?"

ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "घरी चला, सांगते."

एवढं हसले लोक. काकांनी शाल काढली, घडी घातली, मांडीवर ठेवली. त्यांच्याकडं बघवेना. तेही माझ्यासारखेच, कॅन नेणारे.

साहेब म्हणाले, "नाश्ता तयार आहे, सगळ्यांनी लाभ घ्यावा." आणि लोक उठले! हसत हसत उठले, पोहे घ्यायला. मी चार महिन्यांच्या ओळीबद्दल विचारायला खाली उतरलो, तोपर्यंत साहेब गाडीकडं. म्हणाले, "आपकी माताजी बहुत अच्छा बोलती हैं." काच वर.

निघताना पाहिलं तर मागची डब्यांची चळत कमी झालेली. माझ्या छातीपर्यंत आली होती. ऐकून, हसून, पोहे खाऊन लोकांनी डबे घेतले! काहून? काय सांगायचं राहिलं होतं अजून?

आई रिक्षात म्हणाली, "काही जणींनी घेतले न्हाईत. तू घेतलेलेच मोजतो."

२३ फेब्रुवारी, सोमवार

स. ४.५, सं. ३.७. थानं ४.

पोस्टर तसंच. मी कॅन ठेवली आणि सगळ्यांसमोर नखानं तो कागद काढायला लागलो. गजूभाऊ बघत राहिले. अर्धाच निघाला. खाली "३" दिसायला लागला. म्हणजे आता तिथं माझी सही आणि वर कंपनीचा तीन.

"झालं समाधान?" गजूभाऊ म्हणाले. "नवं पोस्टर येऊन राहिलं. दुसऱ्या गावचं पोरगं हाय. ते वही-बिही लिहीत न्हाई."

२५ फेब्रुवारी, बुधवार

स. ४.४. थानं ४.

सकाळी मावशीची हाक. आईकडून तिला मेळाव्याचं सगळं कळलंय. गोठ्यात नेलं. हिरव्या झाकणाचा डबा कोनाड्यात होता. आंबोणाच्या घमेल्यात पेंड भिजत घातलेली, किती ते वरून सांगता येत नव्हतं.

चरवी माझ्या हातात दिली. "बस."

"मला येत न्हाई मावशी."

"म्हणूनच बस. वरून बघून लिहितो, म्हणून घोळ होतो तुझा."

बसलो. गुडघ्यात चरवी धरता येईना. कपिलीनं मान वळवून पाहिलं, लाथ मारली नाही. पहिल्यांदा काहीच आलं नाही. मावशीनं माझ्या बोटांवर बोटं ठेवून दाबून दाखवलं. मग धार लागली, चरवीच्या कडेला, थोडी माझ्या पँटवर. तीन थानं काढायला अर्धा तास गेला. मनगटं भरून आली. तिच्या हातांना काही झालेलं नाही, हे मला आता नक्की माहीत आहे.

चौथ्यापाशी हात आपोआप थांबला. मावशी खुंट्याशी उभी, हातात वासराचं दावं. मी डब्याचं विचारलं नाही, पेंडीचंही नाही. तिनं दावं सोडलं.

काट्यावर ३.५ भरलं. तिच्यासाठी वहीत वेगळं पान केलं. वर लिहिलं: कपिली, यमुनामावशी. स. ३.५. थानं ३. काढणारा: मी.

पावडरचा आणि पेंडीचा रकाना कोरा ठेवला आहे. संध्याकाळी पुन्हा बोलावलंय.